बाई, जरा खोकायला येता का?

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अनाउन्सरांइतकी बासरीची तयारी केलेला माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकी कमी बासरी लोकांना ऐकवलेला माणूस तर साऱ्या जिल्ह्यात नसेल. हे मी ऐकीव सांगत नाही. विजापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि माझं दार अगदी समोरासमोर, मध्ये एक पायपुसणं मावेल एवढीच जागा. ते पायपुसणं दोघांत मिळून एकच होतं, आणि ते कुणी झटकायचं यापलीकडे पहिली काही वर्षं आमचं बोलणं गेलं नाही. बाकीचं सगळं मला भिंतीतून कळायचं. सकाळी माझ्या चहाचं आधण उकळायला लागलं की पलीकडे सा लागायचा, संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावला की पुन्हा लागायचा, आणि एखाद्या दिवशी भिंत गप्प राहिली की मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. माझे यजमान गेल्यावर आणि मुलगा पुण्याला स्थायिक झाल्यावर माझ्या घरात आवाज करणाऱ्या वस्तू दोनच उरल्या होत्या, एक कुकर आणि दुसरी ती भिंत.

अनाउन्सर हे काही त्यांचं नाव नव्हे. दारावर नावाची पितळी पाटी होती, पण ती वाचायचे कष्ट इमारतीत कुणी घेतले नाहीत. ते सोलापूर स्टेशनात गाड्यांच्या घोषणा करायचे. पुढे तिथे रेकॉर्ड केलेला आवाज आला, पण त्याच्या आधी सोलापूरहून गाडीने गेलेल्या प्रत्येकाला यांनी कधी ना कधी फलाटाच्या कडेपासून दूर उभं राहायला सांगितलेलं आहे. माझं माहेर कुर्डुवाडीच्या पलीकडच्या केमचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा गाडी उशिरा येत असल्याबद्दल ज्या आवाजाने दिलगिरी व्यक्त केली तो यांचाच असणार, आणि पुढच्या प्रत्येक दिवाळीला व्यक्त केली तोही यांचाच. माइकवरचं त्यांचं मराठी इतकं घोटीव, की मुलींच्या शाळेत मराठी शिकवण्यात हयात घालवलेल्या मलाही त्यात बोट ठेवायला जागा सापडली नसती. माइक बंद झाला की मात्र अक्कलकोटच्या पलीकडचं त्यांचं गाव बोलायला लागायचं. ‘तितं कुनी तोंडाकडं बगत न्हाई की बाई,’ ते म्हणायचे. ‘खोलीत मी एकटा. भायेर मानसं किती का आसंनात, त्येंना मी दिसत न्हाई, मला ते दिसत न्हाईत. मग भ्या कशाचं?’ रोज हजारो माणसांशी बोलणारा आणि त्यांतल्या एकाचीही ओळख नसलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लग्नाचं विचारलं तर ‘ऱ्हायलं की’ एवढंच म्हणायचे, एखादी छत्री एसटीत राहून जावी तसं.

त्यांच्या रियाजाचा पहिला नियम असा, की जे येतं ते वाजवायचं नाही. ‘येतंय ते कशाला वाजवायचं? ते यायलंच की. जितं अडायलंय तितं बसायचं.’ शास्त्र म्हणून हा नियम कितीही बिनतोड असला, तरी शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो भयंकर होता. इतरांच्या शेजारी गाणंबजावणं शिकणारे लोक राहतात, तेव्हा निदान अधूनमधून एखादी अख्खी चाल तरी कानावर पडते. आमच्या इमारतीत वर्षभर भीमपलासातली चार सुरांची एकच मुरकी घुमत होती. ती वर चढायची, एका वळणावर जराशी घसरायची आणि थांबायची. पुन्हा वर, पुन्हा वळण, पुन्हा थांबणं. पुढे काय होतं ते कुणालाच माहीत नाही. तळमजल्यावरच्या काकू म्हणायच्या की ते ऐकून त्यांना शिंक अडकल्यासारखं होतं. एकदा आमच्या दूधवाल्याला राहवलं नाही. जिना उतरता उतरता त्याने गुणगुणत ती मुरकी आपल्या मनाने पुरी करून टाकली. धाडकन दार उघडलं आणि अनाउन्सर बासरीसकट बाहेर आले. ‘ओ, फुडचं म्हनू नका! माझी गाडी अजून माढ्यात हाय, तुमी कुर्डुवाडीला जाऊन कुटं बसला?’ त्या दिवसापासून दूधवाल्याने आमच्या मजल्यावर तोंड उघडलं नाही. आज जास्तीचं दूध हवंय का, हेसुद्धा तो बोटांनी विचारायला लागला.

दुसरा नियम गतीचा. ज्या रुळावरून एक्स्प्रेस न्यायची त्यावरून आधी पॅसेंजर नेऊन आणायची, प्रत्येक स्टेशनावर थांबवत, अगदी पाकणीलासुद्धा. त्यांच्या मते घाईत वाजवणारा माणूस रियाज करतच नसतो, तो चुका पाठ करत असतो. ‘चूक लगीच पाठ हुती बाई. बरुबर असल्याला टाईम लागतो.’ आणि चूक झालीच, तर ती जागा लागलीच पुन्हा वाजवायची नाही. हात त्या वेळी चिडलेला असतो, त्याला जरा फिरवून आणायचं. म्हणून ते बासरी टेबलावर ठेवायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे. आता खाली रस्त्यावर भाजीवाली बसायची. गॅलरीत माणूस आला की तो भाजीसाठीच आला, अशी तिची ठाम समजूत. ती खालून ओरडायची, ‘भेंडी देऊ का काका, कवळी हाय!’ आणि हे नाही म्हणायला लाजायचे. दोरीला बांधलेली पिशवी खाली जायची. त्यामुळे एका चुकीला एक भाजी असा हिशेब पडला. वळण फार अडलं की त्यांच्याकडे दोन जुड्या मेथी, भेंडी, दोडके आणि वांगी असं सगळं साचायचं, आणि त्यातलं निम्मं एका पिशवीतून माझ्या कडीला लटकायचं. पिशवी दिसली की मी समजायचे, आज रियाज वाईट झाला. तार सप्तकातल्या एका तानेच्या दिवसांत तर मी भाजी विकतच घेतली नाही.

पण हे सगळं हातांचं झालं. खरा प्रश्न छातीचा होता. बासरी हे भित्र्या माणसाने हातात धरायचं वाद्यच नव्हे, असं ते स्वतःच सांगायचे. सतारवाल्याचा हात थरथरला तर लोक मुद्दाम घेतलेली गमक समजून मान डोलावतात. बासरीवाल्याचा श्वास थरथरला तर मागच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही कळतं. आणि ओठ सुकले तर प्रश्नच मिटला, सूर नाहीच, नुसती फुंकर. तेव्हा भीतीचाही रियाज करायला हवा, असं त्यांनी ठरवलं. ते खाली जायचे, तिन्ही मजले धावत चढून यायचे आणि धापा टाकत तसेच बासरी ओठाला लावायचे. ‘भ्या वाटलं की छाती आशीच उडती. उडत्या छातीनं वाजवायची सवय पायजे.’ आमचा वॉचमन पहिल्यांदा काठी घेऊन त्यांच्या मागे धावत वर आला होता, त्याला वाटलं चोर पुढे आहे. तोंडाला कोरड पडली तर काय, यासाठी आपल्या सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ती बुक्की मारून मोडायची, पाण्याचा घोट न घेता खायची आणि मग वाजवायचं. ज्याने ही भाकरी कोरडी खाल्ली आहे त्यालाच या साधनेची उंची कळेल. मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, ते दारंखिडक्या लावून, पंखा बंद करून, वर जाकीट चढवून बसायचे. ‘ष्टेजवर फॅन बंदच करतेत की, माइकात आवाज येतो म्हनून.’ स्टेज कुठलं, कधीचं, याचा पत्ता नव्हता. जाकिटाला इस्त्री मात्र कायम असायची.

अशाच एका संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात अनाउन्सर, अंगात जाकीट, कपाळावर घाम. पायपुसण्याकडे बघत म्हणाले, ‘बाई, जरा खोकायला येता का?’ मला वाटलं माझ्या कानांचंही वय झालं. पण त्यांना मी खरोखर खोकायलाच हवी होते. हात बसला, श्वास बसला, कोरड बसली, आता समोर माणूस पाहिजे, आणि तोही वाईट. मैफिलीत लोक खोकतात, उठतात, बोलतात, त्या सगळ्याची सवय व्हायला हवी. मी शिक्षिका, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका. साऱ्या आयुष्यात मी लोकांना गप्प बसवलं. असल्या बाईला असलं काहीतरी विचारायचं म्हणजे धाडसच. मी खरं तर नाही म्हणणार होते. पण शाळा सुटल्यापासून मला कुणी कशाला बोलावलंच नव्हतं. पत्रिका यायच्या, त्या ‘सहकुटुंब सहपरिवार’, म्हणजे ज्यांना तो आहे त्यांच्यासाठी. एकट्या माझ्याकडून काहीतरी हवंय म्हणून कुणी दार वाजवलं, असं किती दिवसांत झालं नव्हतं. मी भाजीखालचा गॅस बंद केला आणि खोकायला गेले.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक सतरंजी, तिच्यावर ते, आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची अख्खी रांग. घरात येणारं जाणारं कुणी नाही आणि खुर्च्या एवढ्या. त्यांतल्या मधल्या खुर्चीत मी बसले. त्यांनी नमस्कार केला, बासरी उचलली, आणि मी खोकले. ते थांबले. ‘खोटा वाटला,’ म्हणाले. मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी दुपारभर मी स्वयंपाकघरात खोकून बघितलं, ही गोष्ट खरी. हळूहळू मला त्यात गती आली. ज्यांना मी आयुष्यभर वर्गाबाहेर उभं केलं त्या शेवटच्या बाकावरच्या मुली माझ्या मदतीला धावून आल्या. मी चिवड्याची पिशवी चुरचुरवू लागले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीशी कुजबुजून तिच्या सुनेची चौकशी करू लागले. आलाप रंगात आला की डबा खाली पाडायचा, किंवा उशिरा येऊन नेमकं त्यांच्या पुढून वाकून जायचं, आणि वाकताना ‘सॉरी हं, सॉरी’ म्हणायचं, म्हणजे उरलीसुरली शांतताही संपते. एकदा मी ऐन मध्येच हात वर करून म्हटलं, ‘एखादं भावगीत होऊ द्या!’ त्यावर ते असे काही कोसळले, की त्या दिवशी गॅलरीतून कोबी, गाजर आणि फ्लॉवर एवढं आलं. पण पिशवी माझ्या हातात देताना खूश होते. ‘हे बेष्ट हाय बाई. हे ऱ्हाऊ द्या रोज.’

त्यानंतर ते चहा करायचे. त्या चहाच्या वेळी एकदा त्यांनी मला सगळं सांगितलं. मिसरूड फुटायच्या वयात गावच्या जत्रेत त्यांची बासरी ठेवली होती. वडील आठ दिवस गावभर सांगत हिंडले होते. हे बसले, समोर माणसंच माणसं, आणि तोंड असं सुकलं की आवाजच निघेना. लोकांना आधी वाटलं माइक तपासतोय. मग मागे कुणीतरी हसलं, मग सगळेच. ‘आप्पा उठले, चपला घातल्या आनि घरी गेले,’ अनाउन्सर म्हणाले. ‘वरडले आसते तर बरं झालं आसतं. पर त्येंनी मरंस्तवर तो विषयच काडला न्हाई. मी पुन्ना वाजवतोय का, ते बी इच्यारलं न्हाई.’ बशीतला चहा निवून गेला होता. ‘एकदा बाई. फकस्त एकदा. मानसं समोर बसल्यात, आनि मी सुरू केल्यालं शेवटापतूर वाजवलं. एवडं व्हायला पायजे.’ मला त्या क्षणी त्यांच्या वडिलांचा फार राग आला, आणि ते हयात नाहीत याचाही आला.

आमच्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ आहे, मी त्याची सभासद. महिन्याला एक कार्यक्रम, मग पोहे आणि चहा. मी यांचं नाव सुचवलं, आणि त्यामागे माझा पक्का विचार होता. आमच्या संघाइतका वाईट श्रोता मिळणं शक्य नव्हतं. इथे व्याख्यान चालू असताना लोक एकमेकांच्या गोळ्या ताडून बघतात, कानातली यंत्रं शिट्ट्या घालतात, आणि पोह्यांचा वास आला की अर्धी सभा मान वळवते. अनाउन्सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. ‘मग जमंल की!’ तरी हो म्हणायला त्यांनी उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही घालवले. दिवाळीनंतरची तारीख ठरली. त्यांनी आधी जाऊन हॉल पाहिला, प्रत्येक खुर्चीवर बसून पाहिलं, स्टेजच्या पायऱ्या जाकीट घालून चढून पाहिल्या. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढे माझं सगळं भांडार रिकामं केलं. ते डगमगले नाहीत. कडीला भाजी लागली नाही.

पण आमच्या संघाचे चिटणीस पोलिसातून निवृत्त झालेले. आदल्या महिन्यात गोंधळाला कंटाळून एक वक्ते भाषण अर्धवट टाकून निघून गेले होते, ते यांच्या मनाला फार लागलं होतं. त्या दिवशी त्यांनी दारातच परात ठेवून सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. पोहे कार्यक्रमानंतर, आणि ज्यांना खोकायचं असेल त्यांनी आत्ताच बाहेर जाऊन खोकून यावं, अशी ताकीद दिली. लोक खरोखर बाहेर जाऊन खोकून आले. पंखे बंद झाले. सगळे म्हातारेकोतारे मांडीवर हात ठेवून, मान वर करून स्टेजकडे बघत बसले. माझ्या वर्गातसुद्धा इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती.

अनाउन्सर पायऱ्या चढले, बसवला होता तसाच नमस्कार त्यांनी केला, बासरी ओठाला लावली. काहीच झालं नाही. त्यांनी बासरी खाली घेतली, ओठांवरून जीभ फिरवली, पुन्हा लावली. नुसती फुंकर आली, आणि त्या शांततेत ती पार भिंतीपर्यंत गेली. कुणी हसलं नाही. लोक आणखीच लक्ष देऊन ऐकू लागले, आणि त्यांचा चेहरा आणखीच पांढरा पडत गेला. तेव्हा मला आमची चूक कळली. आम्ही सगळ्याची तालीम केली होती, खोकल्याची, डब्याची, भावगीताचीसुद्धा. लोक खरोखर ऐकायला बसले तर काय करायचं, एवढीच करायची राहिली होती. ते आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमचं दोघांचंही बऱ्याच वर्षांत कुणी मन लावून ऐकलं नव्हतं, त्यामुळे असंही होऊ शकतं हे आम्ही धरलंच नव्हतं.

त्यांची नजर जमिनीकडे गेली. ते आता उठणार, चपला घालणार, हे मला दिसलं. आणि मी खोकले. घाबरून खोकले, त्यामुळे तो फारच वाईट निघाला. त्यांनी चमकून वर पाहिलं. ‘खोटा वाटला’ हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट उमटलं, की मी ताबडतोब दुसरा काढला, खालून, छातीतून. चिटणीस उभे राहिले. ‘बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ माझे कान तापले. समोर माझ्या दोन माजी विद्यार्थिनींचे वडील बसले होते. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. मी शेजारच्या बाईंना सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘अहो, बघा ना जरा, पोहे करपल्याचा वास येतोय!’ लगेच चारदोन माना वळल्या, कुणाची तरी काठी पडली, कुणी तरी खरोखर खोकलं. तरी अनाउन्सर अजून थांबलेलेच. मग मी उभी राहिले, हात वर केला आणि म्हणाले, ‘एखादं भावगीत होऊ द्या!’

अख्खा हॉल माझ्याकडे वळला, म्हणजे त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. आणि स्टेजवरून भीमपलासचा सा आला. लांब, सरळ, कुठेही न थरथरणारा. मी खाली बसले. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. भिंतीतून मी इतकी वर्षं नुसत्या चुकांच्या जागा ऐकल्या होत्या, त्यांच्या खोलीत खोकण्याच्या नादात ऐकायचं राहूनच गेलं होतं. जे त्यांना येत होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते एवढं होतं. आमच्या इमारतीने वर्षभर सोसलेली ती चार सुरांची मुरकी मध्येच कधीतरी आली आणि एक्स्प्रेसमधून माढा जावं तशी न थांबता निघून गेली. मी पुढे खोकायचं ठरवलं होतं, ते विसरले. त्यांनी सुरू केलेलं शेवटापर्यंत वाजवलं. टाळ्या झाल्या. नंतर पोह्यांच्या वेळी माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि संघात अजूनही माझ्याबद्दल वयाचा परिणाम झाल्याचं बोलतात. बोलोत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दिवा लावून, चिवड्याची पिशवी घेऊन बसले. बेल वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बरोबरच होतं. त्यांचं काम झालं होतं, वाईट श्रोत्याची आता गरज नव्हती, आणि त्या घरात मला दुसरं काही काम नव्हतं. मी स्वतःला हे समजावलं, पण मला वाईट वाटलं. फार वाटलं. आठवड्याने दार वाजलं तेव्हा मी धावतच गेले. ते पायपुसण्याकडे बघत उभे होते. ‘बाई, खोकायचं ऱ्हाऊ द्या आता. नुसतं गप बसायला येता का? गप बसल्याल्या मानसांचं लई भ्या वाटलं तितं. त्येची प्रॅक्टिस ऱ्हायलीय.’ मग मी रोज जाऊन गप्प बसू लागले. मला ते खोकण्यापेक्षा अवघड गेलं. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचे, मी ऐकायचे, आणि मग चहा. त्या हिवाळ्यात मी पुण्याला जायचं टाळलं. मुलाला गुडघ्याचं कारण सांगितलं.

गुडघा खरा गेला तो त्यांचा. छाती उडवण्यासाठी जिने चढायची सवय सुटली नव्हती, एक दिवस दुसऱ्या मजल्यावर पडले. हुबळीचा पुतण्या आला आणि त्यांना घेऊन गेला. चांगला मुलगा आहे, तक्रारीला जागा नाही. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. वर रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज गाडीच्या उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करत होता. अनाउन्सर मान वाकडी करून ऐकत होते. ‘घाई करायलीय ती,’ म्हणाले. ‘दिलगिरी म्हनायच्या आदी जरा थांबायचं आसतं.’ गाडी आली.

आता समोर कुलूप आहे. पायपुसणं मीच झटकते. सुरुवातीला त्यांचा दर रविवारी फोन यायचा, मग कधीमधी. या थंडीत मला खोकला झाला. मुलाचा फोन आला तेव्हा मी खोकतच बोलत होते, तो म्हणाला हवा बदलली की होतं, आणि मीही म्हटलं, हो, हवाच. दोन दिवसांनी संध्याकाळी, मी दिवा लावत असताना, अनाउन्सरांचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आधी खोकले.

‘थांबा,’ ते म्हणाले. ‘पुन्ना खोका बगू.’

मला खोकावं लागलं नाही, तो आपणहूनच आला.

‘बाई, ह्यो खरा हाय की,’ ते म्हणाले. आणि मग, ‘एकट्याच हाय का घरात?’

मी हो म्हणाले.

‘उद्या डाक्टरकडं जावा. आत्ता हितंच बसा, फोन ठिवू नका.’ पलीकडे फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज झाला, आणि भीमपलासचा सा लागला. मी खुर्ची ओढून बसले. पदर तोंडावर घट्ट धरला, तरी खोकला काही केल्या आवरेना. त्यांनी शेवटापर्यंत वाजवलं, कुठेच थांबले नाहीत.